लहान मुलांच्या रक्तवाहिन्या मोजायला शिकताना

बालहृदयाच्या इमेजिंगमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण मला विचारतो, चार वर्षांच्या मुलाची महाधमनी किती मिलिमीटर असली म्हणजे नॉर्मल? एका आकड्यात याचं उत्तर नाही. वाहिनीची रुंदी वयापेक्षा शरीराच्या आकारमानाबरोबर जास्त चालते. म्हणून आधी बीएसए, म्हणजे शरीराचं पृष्ठफळ काढायचं. मोस्टेलरचं सूत्र सोपं आहे: उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींच्या गुणाकाराला 3600 ने भागून वर्गमूळ. 100 सेंमी आणि 16 किलो असेल तर 0.67 चौरस मीटर. त्या बीएसएच्या अपेक्षित सरासरीपासून आपलं माप किती प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) दूर, तो झेड-स्कोअर. निरोगी मुलांपैकी साधारण 95 टक्के उणे 2 ते अधिक 2 मध्ये बसतात. वजन-उंची मात्र त्याच दिवशीची हवी. फाइलमधला जुना आकडा मी घेत नाही.

खरी मेहनत कॅलिपर, म्हणजे स्क्रीनवर अंतर मोजायची खूण, कुठे ठेवायचा यात आहे. सीटीवर नुसत्या आडव्या कापावर मोजू नका. वाहिनी तिरकी असेल तर छेद लंबगोल दिसतो आणि माप फुगतं. दोन प्रतलं वाहिनीच्या अक्षाशी जुळवा, मग काटकोनातला छेद घ्या. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) मुलांचा अयोर्टिक रूट, म्हणजे महाधमनीचं मूळ, सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना), आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजण्याची शिफारस आहे. मोठ्यांच्या इकोत कड आणि वेळ दोन्ही वेगळ्या, त्यामुळे तिकडून आलेल्यांचा हात सवयीने चुकीच्या जागी जातो. झेड-स्कोअरचा तक्ता ज्या पद्धतीने बनला, त्याच पद्धतीने मोजलं तरच तो वापरता येतो.

कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या, मोजणं तर फारच नाजूक काम. 2 मिमीच्या वाहिनीत अर्ध्या मिमीचा फरक म्हणजे 25 टक्के, आणि कावासाकी आजारात (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) झेड-स्कोअर 2.5 झाला की एन्युरिझम, म्हणजे वाहिनीचा फुगवटा, म्हटलं जातं. डावी मुख्य कोरोनरी फाट्यापाशी मुळातच रुंदावते, तिथे मोजू नका. साध्या तापातही कोरोनरी थोड्या मोठ्या दिसू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

प्रबंधासाठी हा विषय घेत असाल तर ‘नॉर्मल’ मुलं कुठून आणणार, हे आधी ठरवा. केवळ मोजमापासाठी निरोगी मुलाला सीटीचं रेडिएशन देता येत नाही. दुसऱ्या कारणासाठी झालेले स्कॅनच वापरावे लागतात, आणि ते कारण वाहिनीवर परिणाम करणारं नाही ना, हे एकेक करून तपासावं लागतं. दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता मोजावं. नुसता कोरिलेशन (दोघांचे आकडे एकत्र वाढतात-घटतात का) दाखवून भागत नाही, दोघांच्या मापांतला फरक दाखवणारा ब्लँड-ऑल्टमन आलेखही काढा: एक जण सतत 1 मिमी जास्त मोजत असला तरी कोरिलेशन उत्तमच येतो.