काळ्या पाण्यावर गेलेला पूर्वज शोधताय? या चुका टाळा

"आमचो एक पणजो काळ्या पाण्यार गेल्लो." मालवण-वेंगुर्ल्याकडे एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून एवढं कळतं. कशापायी गेला, कधी गेला, हे विचारलं की विषय बदलतो.

मग पुढची पिढी उत्साहाने सेल्युलर जेलच्या याद्या चाळायला घेते. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच. त्या तुरुंगाचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ मध्ये पुरं झालं. अंदमानची कैदी वसाहतसुद्धा १८५८ची. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला, पिनांगला, सिंगापूरला जात, आणि घरच्यांसाठी ते सगळंच काळं पाणी. शिवाय सिंगापूरची कैदी वसाहत १८७३ मध्ये बंद झाल्यावर तिथले उरलेले कैदी अंदमानात हलवले गेले. म्हणजे एकाच माणसाचे कागद दोन बंदरांत सापडू शकतात.

म्हणून आधी साल ठरवा. वंशावळीत पिढीमागे पंचवीस वर्षं धरा, वाटणीचे जुने कागद काढा, ते मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. जुने सरकारी खंड खातं आणि वर्ष यांनुसार लावलेले असतात. नुसतं नाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

माझ्या मते शोध बेटापासून नव्हे, खटल्यापासून सुरू करावा. मुंबईच्या पुराभिलेखागारातले (जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं दप्तर) न्याय खात्याचे खंड ही पहिली जागा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याचे कागद ही दुसरी. कैद्यांबरोबर जहाजावर यादी जाई. तिच्यात नाव, बापाचं नाव, जात, वय, गुन्हा, शिक्षा आणि अंगावरच्या खुणासुद्धा नोंदलेल्या असत. घरात कुणाला पणजोबांचा चेहरा ठाऊक नसतो, पण कारकुनाने डाव्या गालावरचा वण टिपून ठेवलेला असू शकतो.

आता नावाची भानगड. त्या यादीत तुमचं आडनाव बहुधा नसेलच. 'रामजी बिन बाबाजी' अशी नोंद दिसली की बरेच जण 'हा मुसलमान दिसतो' म्हणून पान उलटतात. इथे 'बिन' म्हणजे नुसतं 'अमक्याचा मुलगा'. मुंबई इलाख्यात कुणब्या-मराठ्यांची नावंही सर्रास अशीच लिहिलेली आहेत. इंग्रजी स्पेलिंग तर कानावर पडेल तसं. रत्नागिरीचं 'रटनाघेरी', ठाण्याचं 'टन्ना', वेंगुर्ल्याचं 'विंगोर्ला' झालेलं दिसेल. 'कूली' लिहिलंय म्हणून हमाल समजू नका, तो कोळी असू शकतो. नाव मोठ्याने वाचून बघा, डोळ्यांपेक्षा कान लवकर ओळखतो.

जिल्हाही जुनाच शोधायचा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा. मालवणचा माणूस रत्नागिरीखाली सापडेल. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं, त्यांच्याशी झालेला सरकारी पत्रव्यवहार राजकीय खात्यात बघावा लागतो. आणि पूर्वज पलटणीत असेल (रत्नागिरीकडची माणसं मुंबईच्या फौजेत भरपूर होती), तर त्याचा निवाडा कोर्ट मार्शलने झालेला असू शकतो. तसं असेल तर सेशन कोर्टाचे कागद कितीही उलटा, लष्करी खात्यात गेल्याशिवाय तो हाती लागणार नाही.

मॉरिशसची नोंद मिळाली तर लगेच हुरळून जाऊ नका. १८३४ पासून तिथे गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर गेले, त्यांत मराठी माणसं पुष्कळ. तिथल्या महात्मा गांधी संस्थेतली दप्तरं या मजुरांची आहेत, कैद्यांची नव्हेत.

तो क्रांतिकारकच असणार, हा हट्टही सोडा. दरोडा, खून, चोरी याच गुन्ह्यांसाठी बहुतेक लोक गेले. कागदात काय निघेल ते वाचायची घरच्यांची तयारी आहे का, हे आधी विचारून घ्या.

पोर्ट ब्लेअरची वारी मात्र शेवटी करा. १९४२ ते ४५च्या जपानी अमलात तिथली बरीच कागदपत्रं नष्ट झाली. पण वर्तन चांगलं असलेल्या कैद्यांना काही वर्षांनी तिथे स्वतंत्र राहून शेती करायला, लग्न करायलाही परवानगी मिळे, आणि त्यांची वंशजमंडळी आजही अंदमानात आहेत. तेव्हा वंशावळीत त्याच्या नावापुढे 'निःसंतान' लिहायचं असेल, तर तूर्त पेन्सिलीनेच लिहा.