घोडा लोळायला लागला? या चुका टाळा

मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला, तरी घोडे शहरातून गेले नाहीत. वरातीच्या घोड्यावर आजही काही घरांची चूल पेटते. हातावर पोट असलं की डॉक्टरला बोलावणं उद्यावर ढकललं जातं आणि तोवर घरगुती उपाय सुरू होतात. पोटशूळात, म्हणजे घोड्याच्या तीव्र पोटदुखीत, हा उशीर जिवावर बेततो.

पोटशूळ झालेला घोडा पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो, चारा सोडतो, लोळतो, लीद टाकत नाही. "गॅस झालाय" म्हणत त्याचं तोंड वर धरून बाटलीने तेल ओततात. हे कधीच करू नका. मान ताणलेली असताना तेल श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. जठर तुंबलं तर ते फुटूही शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून ते मोकळं करतात, ते काम बाटलीचं नाही.

मेडिकलमधून वेदनाशामक इंजेक्शन आणून स्वतः टोचणं ही दुसरी चूक. घोडा शांत होतो, दुखणं आतल्या आत वाढतं आणि डॉक्टरला खरी अवस्था कळत नाही.

मग करायचं काय? आधी चारा आणि चंदी (दाणा) समोरून काढा. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. जबड्याखालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर गेली किंवा हिरड्या लालभडक, जांभळ्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका. हे आकडे फोनवरच डॉक्टरला सांगा. थोडं चालवलं तर चालतं, पण दमेपर्यंत फिरवत राहू नका.

मूळ कारण बहुतेकदा पाण्यात आणि खाण्यात सापडतं. घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं. लग्नसराईत तो बँडच्या गोंगाटात तासन्‌तास तहानलेला उभा असतो आणि परतल्यावर त्याच्यापुढे एकदम भरपूर चंदी येते. आधी पाणी, मग गवत, चंदी थोडी थोडी. "घामाघूम घोड्याला पाणी देऊ नये" हा समज चुकीचा आहे. पाणी द्या, अंगावरही ओता.

जखमेवर चुना किंवा गाडीचं जुनं ऑइल लावू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घालून जखम धुवा. धनुर्वात घोड्याला फार सहज होतो, नालेचा खिळा लागला तरी पुरतं. लस आधीच टोचून घ्या.

पावसाळ्यात तबेला ओला राहिला की खुराच्या तळाला काळा, घाण वासाचा चिकटा येतो. रोज खूर कोरून कोरडे करा.

नाकातून चिकट पू आणि अंगावर गाठी दिसल्या तर उघड्या हाताने शिवू नका. ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो, तो माणसालाही होतो. पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवा.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचा नंबर आणि घोडा नेणाऱ्या टेम्पोवाल्याचा नंबर तबेल्याच्या भिंतीवर आजच लिहून ठेवा.