आले आणि गवती चहा घालून दुधाचा चहा करण्याची रीत

दुधाचा चहा बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे पाणी, दूध, साखर, आले आणि चहापूड हे सगळे जिन्नस एकदमच पातेल्यात घालून रटरटत ठेवणे. यातल्या प्रत्येकाचा पाण्यात उतरण्याचा वेळ निराळा आहे. आल्याला खळखळते पाणी लागते, गवती चहाला झाकण लागते, चहापुडीचे काम दीड-दोन मिनिटांत आटोपते आणि दुधाला एक उकळी पुरते. हा क्रम सांभाळला, तर रोजच्या साध्या चहापुडीचाही चहा असा उतरतो की पहिल्या घोटाला आले जाणवते, पाठोपाठ चहाचा कडकपणा येतो आणि गवती चहाचा वास कप रिकामा होईपर्यंत राहतो.

दोन माणसांसाठी, म्हणजे साधारण १४० मिलिलिटरच्या दोन कपांसाठी, २०० मिलिलिटर पाणी आणि १२० मिलिलिटर दूध घ्यावे. थोडे पाणी वाफेवाटे जाते आणि थोडे चहापूड शोषून घेते, म्हणून नेमके दोन कप मोजून घेतले तर दुसरा कप हमखास अपुरा भरतो. चहापूड दोन सपाट लहान चमचे, म्हणजे चार-पाच ग्रॅम, साखर तीन लहान चमचे, आले बोटाच्या अर्ध्या पेराएवढे आणि गवती चहाची दोन-तीन पाती, एवढे दोन कपांना पुरते. म्हशीचे घट्ट दूध असेल तर ते १०० मिलिलिटरच घ्यावे आणि तेवढे पाणी वाढवावे. पातेले मात्र निदान लिटरभराचे असावे, कारण दूध घातल्यावर चहा फार झपाट्याने वर येतो आणि लहान भांड्यातून उतू गेल्याशिवाय राहत नाही.

चहापुडीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आपल्या घरांत येणारी दाणेदार चहापूड सीटीसी पद्धतीने तयार झालेली असते. चहाची हिरवी पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून आणि वळवून त्यांचे बारीक दाणे करण्याची ही पद्धत १९३०च्या दशकात आसाममध्ये सुरू झाली. दाणा बारीक असल्यामुळे त्याचा रंग आणि कडकपणा पाण्यात लगेच उतरतो, आणि तो कडकपणा दुधातही मावळत नाही. पण याच कारणामुळे तो फार वेळ उकळणे घातक ठरते. चहातला तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, ती जितका वेळ पूड उकळत राहील तितकी जास्त सुटत जातात. दुधातली प्रथिने त्यांना काही प्रमाणात बांधून ठेवतात, परंतु दहा मिनिटे उकळलेल्या चहाचा तुरटपणा कितीही दूध घातले तरी लपत नाही, आणि मग तो झाकण्यासाठी साखर वाढवावी लागते. निरनिराळ्या चहांची चव पडताळण्यासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा घेऊन त्यावर उकळते पाणी ओततात आणि सहा मिनिटे झाकून ठेवतात. चहा आचेवर उकळत ठेवण्याची गरज तिथेही भासत नाही. दार्जिलिंगच्या अखंड पानांचा चहा घरी असेल, तर त्याला या रीतीने हातच लावू नये. त्यावर गरम पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवावा आणि बिनदुधाचाच घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृती. पाणी आधणाला ठेवून त्यातच साखर घालावी. आले स्वच्छ धुऊन, सालासकट, खलबत्त्यात दोन-चार घाव घालून नुसते ठेचावे. त्याचे धागे मोकळे झाले आणि रस सुटू लागला की पुरे. अगदी लगदा केला तर तो गाळणीतून उतरून कपाच्या तळाशी बसतो. पाण्याला उकळी फुटली की आले घालून दोन मिनिटे चांगले खळखळू द्यावे. गवती चहाची पाती धारदार असतात, म्हणून ती बोटांतून ओढू नयेत. धुऊन, टोकाचा वाळलेला भाग कापून टाकावा, पाती एकत्र धरून दुमडाव्यात आणि त्यांची सैल गाठ मारावी. गाठ आवळताना पाती मोडतात, त्याच क्षणी लिंबासारखा वास हाताला लागतो. तो आला नाही तर पाती जून झाली आहेत असे समजून एखादे जास्त घ्यावे. ही गाठ पाण्यात सोडून, आच मंद करून, तीन मिनिटे झाकण ठेवावे. हा वास वाफेबरोबर उडून जाणारा आहे, त्यामुळे ज्या स्वयंपाकघरात गवती चहाचा वास फार दरवळतो तिथल्या कपात तो कमीच उरलेला असतो.

आले दुधाच्या आधी घालण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मी नुकसान सोसून शिकले. एका पाडव्याला घरी आठ माणसे आली होती. चहा जवळजवळ झाला असताना आले राहिल्याचे लक्षात आले, म्हणून घाईघाईने किसून ते दूध घातलेल्या कोमट चहात टाकले आणि पातेले पुन्हा आचेवर चढवले. उकळी येण्याआधीच दूध फाटले, सगळा चहा ओतून द्यावा लागला आणि घरात पुन्हा करण्याइतके दूध नव्हते. कच्च्या आल्यात दुधातल्या प्रथिनांचे विघटन करणारे एक विकर असते आणि ते कोमट दुधात जोमाने काम करते. उकळत्या पाण्यात ते निष्क्रिय होते, म्हणूनच आधी उकळलेल्या आल्यावर दूध घातले तर काही होत नाही. गवती चहाला लिंबाचा वास असला तरी त्यात आंबटपणा नसतो, त्याने दूध फाटण्याची भीती नाही.

यानंतर चहापूड घालावी, आच मंदच ठेवावी आणि दीड मिनिट थांबावे. पाण्याचा रंग गडद तांबूस झाला की दुसऱ्या भांड्यात तापवून ठेवलेले दूध घालावे. फ्रीजमधले थंडगार दूध घातले तर चहा पुन्हा उकळेपर्यंत पूड विनाकारण शिजत राहते, म्हणून हे जास्तीचे एक भांडे धुण्याचा कंटाळा करू नये. आच मोठी करून चहा एकदाच काठापर्यंत वर येऊ द्यावा, लगेच आच बंद करावी आणि झाकण ठेवून एक मिनिट मुरू द्यावा. वेलदोडा आवडत असेल तर तो याच वेळी कुटून घालावा; पण गवती चहा असताना तो घालू नये असे मला वाटते, कारण दोन्ही वास एकमेकांना मारतात.

गुळाचा चहा करायचा असल्यास साखरेच्या जागी गूळ पाण्यातच विरघळवावा, आले आणि चहापूड नेहमीप्रमाणे घालावी, परंतु दूध आचेवर असताना मुळीच घालू नये. गुळातल्या आम्लतेमुळे दूध उकळताना फाटू शकते. कोरा चहा आधी कपांत गाळून घ्यावा आणि मग त्यात गरम दूध ओतावे.

गाळताना प्रत्येक कप आधी निम्मा भरावा आणि मग उलट्या क्रमाने पुरा करावा, म्हणजे पातेल्याच्या तळाचा कडक चहा एकाच्याच वाट्याला येत नाही. गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळू नये. त्या शेवटच्या चार थेंबांत सगळा तुरटपणा उतरलेला असतो.