पीईटी बाटलीवाल्यांनो, 40 टक्के रिसायकल्ड मालाची तयारी आत्ताच लावा

मंडळी, नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नरला प्रीफॉर्म (फुगवायच्या आधीची जाड नळी) मारणारे, बाटली फुगवणारे, पाणी-ज्यूस भरणारे, सगळ्यांसाठी लिहितोय. हल्ली मला जे फोन येतात त्यात निम्म्याहून जास्त एकच प्रश्न असतो, "अरे, सर्टिफिकेट घेऊन टाकलं की झालं ना?" नाही झालं. इथेच बहुतेकांचा घोळ आहे म्हणून आधी एवढं डोक्यात बसवा, की ईपीआरमध्ये, म्हणजे प्लास्टिक बाजारात टाकणाऱ्यावर कायद्याने आलेल्या जबाबदारीत, हिशोबाच्या वह्या दोन आहेत. एक वही म्हणजे बाजारात टाकलेलं प्लास्टिक गोळा करून रिसायकल करायचं, त्याची सर्टिफिकेटं रजिस्टर्ड रिसायकलरकडून मिळतात. दुसरी वही म्हणजे तुमच्या स्वतःच्या पॅकेजिंगमध्ये रिसायकल्ड माल किती गेला. पहिलीतलं दुसरीत चालत नाही. 16 फेब्रुवारी 2022 च्या ईपीआर गाईडलाईन्समधलं टेबल काढून बघा, कॅटेगरी 1 म्हणजे आपलं कडक पॅकेजिंग, त्यात रिसायकल्ड माल 2025-26 ला 30 टक्के, 2026-27 ला 40, मग 50 आणि 2028-29 पासून 60. कुठल्या कायद्यामुळे घालताच येत नसेल तर सीपीसीबी (केंद्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) केस बघून सूट देतं, पण तेव्हाही ज्याने जास्त घातलंय त्याच्याकडून तेवढ्या वजनाचं सर्टिफिकेट घ्यावंच लागतं.

तर पहिलं काम वजनाचं. ऑफिसात बसून अंदाजे आकडे भरू नका, काटा घ्या आणि प्रत्येक एसकेयूची (मापाच्या-प्रकारच्या मालाची) बाटली, बूच, लेबल वेगवेगळं मोजा. आमच्या एका लिटरच्या बाटलीचं अंग साडेएकोणीस ग्रॅम आणि बूच दीडच्या आसपास, आणि मी दोन वर्षं बूच धरलंच नव्हतं, सीएने विचारलं तेव्हा लक्षात आलं. लेबलची फिल्म आणि 12 बाटल्यांच्या पॅकवरचं श्रिंक हे कॅटेगरी 2 मध्ये जातं, त्याचं रिसायकल्डचं टार्गेट वेगळं आहे, 10 टक्क्यांपासून सुरू, ते बाटलीत मिसळून दाखवलं की पुढे गणित बसत नाही. हिशोब असा, की मागच्या दोन वर्षांत विकलेल्या पॅकेजिंगचं सरासरी वजन, अधिक कारखान्यातच झालेला पॅकेजिंग वेस्ट, वजा ब्रँडवाल्यांना दिलेला माल. हे जे वजा आहे तेच तुम्हाला वाचवतं, म्हणून ब्रँडवाल्याचा ईपीआर रजिस्ट्रेशन नंबर आणि मालाचं वजन बिलावरच येऊ द्या, वर्ष संपल्यावर मागत फिरलात तर कोणी फोन उचलत नाही.

उद्यम सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु उद्योगाच्या नोंदणीचं) पण परत बघा. 1 एप्रिल 2025 पासून लघु म्हणजे गुंतवणूक 25 कोटी आणि टर्नओव्हर 100 कोटींपर्यंत. 2024 च्या दुरुस्तीनंतर सूक्ष्म आणि लघु बाटलीवाल्याची जबाबदारी वर कच्चा माल बनवणाऱ्याकडे किंवा आयात करणाऱ्याकडे सरकते, पण म्हणून हात झटकू नका कारण मोठा ब्रँड तुमच्याकडे रिसायकल्डची बाटली मागणारच आहे. एक-दोन राज्यांत धंदा असेल तर रजिस्ट्रेशन एमपीसीबीकडे (राज्याच्या मंडळाकडे), त्याहून जास्त राज्यं असतील तर सीपीसीबीकडे. वार्षिक रिटर्न 30 जूनपर्यंत, मुदतवाढ मिळेल असं धरून चालू नका. टार्गेट चुकलं तर पर्यावरण भरपाई, आणि ती भरली म्हणून टार्गेट माफ होत नाही, ते पुढे येतं. ते वर्षभरात पूर्ण केलं तर 75 टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षी 60, तिसऱ्या वर्षी 40.

आता माल. यावर मी जास्त लिहिणार कारण पैसा इथे जातो. पाण्याला-ज्यूसला लागणारं आर-पीईटी (रिसायकल केलेलं पीईटी) हे फूड ग्रेडच हवं, एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) निकषात बसणाऱ्या प्लांटचं, त्याचे कागद प्रत्येक लॉटसोबत मागा आणि फाईलला लावा. भंगारातून आलेला साधा फ्लेक (बाटल्यांचा चुरा) पट्टीला, धाग्याला ठीक आहे, प्यायच्या पाण्याला नाही, इथे कोणी भाव दाखवून भुलवत असेल तर भुलू नका.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. नॉन-फूड बाटलीसाठी एका सप्लायरकडून स्वस्तात फ्लेक घेतला, दिसायला काचेसारखा स्वच्छ. रात्रपाळीत तीन वाजता ऑपरेटरचा फोन, साहेब प्रीफॉर्मला तपकिरी रेघा येतायत आणि मशीनजवळ घशाला झोंबतंय. जाऊन बघितलं तर खरंच उभं राहवेना. पीव्हीसीच्या स्लीव्हचे (बाटलीभर चढवलेल्या लेबलचे) तुकडे होते त्यात. पीव्हीसी आणि पीईटीची घनता जवळजवळ सारखीच, पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे धुताना वेगळं निघत नाही, आणि पीईटी वितळायच्या तापमानाला ते जळून ॲसिडचा वायू सोडतं. अख्ख्या पाळीचा माल गेला आणि हॉट रनर (साच्यात वितळलेला माल नेणारी गरम वाट) साफ करण्यात दोन दिवस मशीन बंद. त्या दिवसापासून प्रत्येक गोणीतून मूठभर फ्लेक स्टीलच्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये 220 डिग्रीला ठेवतो, पीव्हीसी असेल तर तो तुकडा तपकिरी-काळा पडून लगेच उठून दिसतो. याला खर्च काही नाही, हे उद्यापासून सुरू करा.

एकदम 40 टक्क्यांवर उडी मारू नका. 10 ने सुरू करा, मग 20, 30, आणि प्रत्येक टप्प्याला आयव्ही (पीईटीची ताकद दाखवणारा आकडा), रंग, टॉप लोड (वरून किती वजन सोसते), ड्रॉप टेस्ट लिहून ठेवा. ड्रायर आधी तपासा, ओलावा 50 पीपीएमच्या खाली गेला नाही तर आयव्ही पडते आणि बाटली बुडाशी तडकते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तर उघडी गोणी तासाभरात ओल धरते. थोडी पिवळसर-करडी झाक येणारच, ती ब्रँडवाल्याला आधीच सॅम्पल दाखवून सही घेऊन ठेवा, नाहीतर गाडी दारातून परत येते.

आणि तुमची बाटली परत रिसायकल होईल अशी बनवा ना राव, उद्या तोच माल आपल्यालाच विकत घ्यायचाय. फुल स्लीव्ह टाळा, लावायचीच असेल तर पीव्हीसी नको. बीओपीपीचं लेबल आणि पीपी किंवा एचडीपीईचं बूच पाण्यावर तरंगतं, सहज वेगळं निघतं. गोंद गरम कॉस्टिकच्या धुण्यात सुटणारा घ्या. बाटली शक्यतो बिनरंगी ठेवा, पांढऱ्या अपारदर्शक बाटलीला भंगारवाला हात लावत नाही.

छपाईचं बघताना, 1 जुलै 2025 पासून नियमातली माहिती बारकोड किंवा क्यूआरमधून द्यायची सोय आहे, रिसायकल्डचा टक्का छापणार असाल तर आयएस 14534 बघून छापा, आणि राज्याच्या 2018 च्या अधिसूचनेतली बायबॅकची (रिकामी बाटली परत घ्यायची) किंमत छपाईच्या नव्या सिलिंडरवर राहून गेली नाही ना ते बघा. जारवाल्यांनी 4.9 लिटर आणि वरचं रियूजचं टार्गेट वेगळं काढा, ते 70 टक्क्यांपासून सुरू होतं, जार किती वेळा फिरला याचं रजिस्टर नसेल तर दाखवणार काय?

शेवटचं काम नाशिकच्या कुंभमेळ्याचं. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, आणि 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट 2027 ला अमृतस्नान, म्हणजे ऐन पावसात रामकुंड, तपोवन, त्र्यंबक रोडला बाटल्यांचा खच पडणार. घंटागाडीत ओल्या कचऱ्यात गेलेली बाटली फूड ग्रेडला परत येत नाही. ती वेगळी, सुकी उचलणारी माणसं म्हणजे आपल्या कचरावेचक मावश्या, त्यांच्याशी आत्ता बोला, स्वच्छ बाटलीला किलोमागे जास्त भाव आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या, हातमोजे, रेनकोट, ओळखपत्र, ताडपत्रीची शेड हे आपण द्यायचं. पहिली ट्रायल त्र्यंबक रोडच्या आठ-दहा हॉटेलांपासून करा. बूच लावून दाबलेली बाटली, सुकी गोणी, गोणीवर मार्करने तारीख, जागा आणि वजन, आणि ती चिठ्ठी थेट आपल्या रिसायकलरच्या काट्यापर्यंत पोचतेय का ते पहिले चार आठवडे स्वतः गाडीसोबत जाऊन बघा.