बटाट्याचे बेणे आत्ताच निवडा, पाला हिरवा आहे तोवर

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव, खेड, जुन्नर पट्ट्यातला रब्बी बटाटा आता चाळीस-पन्नास दिवसांचा झाला आहे. डिसेंबरातले हे ढगाळ दिवस बघून करप्याच्या फवारण्या जोरात चालू आहेत, त्या चालू द्या. पण खालचे पान उलटून कुणी बघत नाही. झाडाचा रस शोषणारा आणि विषाणू पसरवणारा मावा तिथेच असतो, जमिनीलगतच्या पानांच्या पाठीवर.

विषाणू रोगाची दहशत वाटत नाही, कारण तो करप्यासारखा दोन रात्रींत रान जाळत नाही. झाड उभे राहते, जरा खुजे, जरा पिवळसर. खरा मार बसतो पुढच्या लागवडीत, बेण्यातून. तोवर दोष पावसाला किंवा खताला देऊन झालेला असतो.

वर्षानुवर्षे एकच चूक बघतोय. काढणी झाली की ढिगातला मोठा माल मंचरच्या बाजारात जातो आणि बारीक माल घरी राहतो. "बारीक बटाटं बाजारात कोण इचारतंय, बेण्याला ठिवू." आता विचार करा, ते बटाटे बारीक का राहिले? काही निरोगी झाडाचे उशिरा लागलेले असतील, कबूल. पण पाने वळलेल्या, आकसलेल्या झाडाला बटाटा बारीकच लागतो. म्हणजे बारीक माल बेण्याला ठेवताना आपण दर हंगामात रोगट झाडेच वेचून जपतो. आणि फेब्रुवारीत ढिगासमोर बसून कोणता बटाटा कोणत्या झाडाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. पाला वाळला की पुरावा संपला.

म्हणून बेण्याची निवड या पंधरवड्यात, उभ्या पिकात करायची.

रानात शिरा, ऊन चढायच्या आत. हे ओळखा:

पान मुडपणारा रोग: बेण्यातून आला असेल तर आधी खालची पाने वरच्या अंगाला वळतात, जाड होतात. मुठीत दाबली तर पापडासारखी कडकडतात. यंदाच माव्याने आणला असेल तर शेंड्याकडची पाने आधी वळतात, फिकट पडतात.

मोझॅक: पानावर हिरवे-पिवळे चट्टे. 'एक्स' विषाणू एकटा असला तर नुसते फिकट डाग पडतात. त्याला 'वाय' हा दुसरा विषाणू येऊन मिळाला की पान सुरकुततं, झाड बसतं.

शेंडा गोळा होणे: पांढरी माशी आणते. लवकर लावलेल्या प्लॉटात जास्त. नारायणगावच्या बाजूला टोमॅटोला लागून बटाटा असेल तर तिथे आधी बघा.

इथे दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पुढे करतो. माझा ठोकताळा असा: कमतरता असेल तर पट्टा किंवा तुकडा पिवळा दिसतो. चार चांगल्या झाडांत एकच वाकडे दिसले तर तो विषाणू समजा. आणि 'व्हायरसचे औषध' म्हणून जे काही विकले जाते, त्यावर एक रुपया घालवू नका. झाडात शिरलेला विषाणू बाहेर काढणारे औषध नाही. टॉनिकने पान दोन दिवस हिरवे दिसेल, बटाट्यातला विषाणू तसाच राहील.

बेण्यासाठी रानाचा चांगला कोपरा धरा. पाच गुंठे नीट राखले तर साधारण एकरभराचे बेणे निघते. तिथली रोगट झाडे बटाट्यांसकट उपटा, जागेवरच पोत्यात भरा, बाहेर नेऊन पुरा. सरीतून ओढत नेऊ नका; 'एक्स' विषाणू हाताला, कपड्याला लागूनही पसरतो. आधी चांगल्या भागातून फिरा, रोगट झाडाला शेवटी हात लावा, मग साबणाने हात धुवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक फेरी.

एवढे मनुष्यबळ नसेल तर उलटे करा. सर्वांत तजेलदार झाडांशेजारी खुणेला कामट्या (बांबूच्या काड्या) रोवा. काढणीत कामटीचे झाड आधी, वेगळे खणा. त्याचा बटाटा बारीक असला तरी बेणे म्हणून चालेल. ढिगातला बारीक चालणार नाही. कामटी फुकट आहे, म्हणून तिची जाहिरात कुणी करत नाही.

माव्याचा हिशोब: १०० संयुक्त पानांवर (देठासकट पूर्ण पान, त्यावरची सगळी छोटी पाने धरून) २० मावा ही बेणे प्लॉटची मर्यादा. माझ्या बघण्यात ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली की बांधाकडच्या ओळींत आधी दिसतो, म्हणून मोजणी तिथून सुरू करा. बेण्याच्या तुकड्यावर थायमेथोक्झाम २५ डब्ल्यूजी हे कीटकनाशक, १० लिटरला २ ग्रॅम. खायच्या बटाट्यावर मारण्याआधी लेबलवरचे काढणीपूर्व दिवस (फवारणी आणि काढणीत ठेवायचे अंतर) मोजा. बसत नसतील तर ५ टक्के निंबोळी अर्क. पान मुडपणारा विषाणू पसरवायला माव्याला बराच वेळ रस शोषावा लागतो, तिथे फवारणी उपयोगी पडते. 'वाय' मात्र तो काही सेकंदांत सोंड टोचून देऊन जातो आणि मग मरतो. त्यामुळे महागडे औषध मारूनही मोझॅक का वाढला, हे दुकानदाराला विचारून उपयोग नाही. आणि कुणी फोरेट हे कीटकनाशक पुढे केलेच तर नाही म्हणा. २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे.

बाकीची कामे:
- धोतरा, कामोणी, मागच्या पिकातले उगवलेले बटाटे काढणे
- करप्याला मॅन्कोझेब, १० लिटरला २५ ग्रॅम
- उघडे पडलेले बटाटे मातीने झाकणे
- काढणीआधी ८-१० दिवस पाणी बंद

माव्याने मर्यादा ओलांडली की आठवड्याच्या आत बेणे प्लॉटचा पाला जमिनीलगत कापा, बटाटा अजून थोडा फुगेल म्हणून थांबू नका. तो फुगेल, आणि पाल्यातला विषाणूही खाली उतरेल. पुन्हा फूट आली तर तीही काढा, कोवळ्या फुटीवर मावा तुटून पडतो. साल पक्की व्हायला दोन-तीन आठवडे बटाटा जमिनीतच ठेवा, मग शीतगृहात वेगळ्या खुणेच्या पोत्यांत.

जूनमध्ये बेणे कापताना दर पाटीनंतर विळा साबणाच्या पाण्यात धुवा. सडा, म्हणजे अख्खा बटाटा, लावता आला तर कापूच नका.

आपल्या हवेत मावा लवकर येतो, त्यामुळे घरचे बेणे कितीही जपले तरी दोन-तीन हंगामांनी बदलावे लागते. तेव्हा आंबेगावातल्या सातगाव पठारावर 'पंजाबचं बेणं' म्हणून जो ट्रक येईल, त्याच्या पोत्याला टॅग बघा. पायाभूत बियाण्याचा पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा. टॅग नसेल तर तो नव्या पोत्यात भरलेला खायचा बटाटा समजा आणि भावही तेवढाच द्या.