बिल्ड स्क्रिप्टमधील संदिग्ध त्रुटीचा उगम कसा शोधावा
हिंजवडीतील एका टीमने लिहिलेली बिल्ड स्क्रिप्ट (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणाऱ्या कमांडची फाइल) खराडीतील दुसरी टीम वापरते, तेव्हा ती अडली की पडद्यावर बहुधा ‘मेक’ या बिल्ड साधनाची ‘मेक: एरर २’ एवढीच शेवटची ओळ उरते आणि तिच्यावरून काहीच उलगडत नाही. खरे कारण लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या नोंदींत, बरेच वर असते, आणि समांतर बिल्डमध्ये तर ते इतर कामांच्या ओळींत मिसळून गेलेले असते. म्हणून प्रथम एकाच जॉबवर, म्हणजे एका वेळी एकच काम चालेल असे, बिल्ड पुन्हा चालवावे आणि सर्वांत पहिली त्रुटी गाठावी.

त्यानंतर एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, पाहावा. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही. १३७ दिसल्यास प्रोसेस बाहेरून सक्तीने बंद केली गेली आहे, आणि कंटेनरमध्ये याचे नेहमीचे कारण अपुरी मेमरी हे असते.

सर्वांत फसवी गोष्ट पाइपची, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीची, आहे. बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये अशा जोडलेल्या कमांडच्या साखळीचा, म्हणजे पाइपलाइनचा, निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. त्यामुळे कंपायलरचे आउटपुट ‘टी’ या कमांडमार्फत लॉगमध्ये साठवणारी स्क्रिप्ट, कंपायलर अयशस्वी झाला तरी, पुढे जाते आणि त्रुटी नंतरच्या निर्दोष पायरीवर उमटते. सामायिक स्क्रिप्टच्या आरंभीच, साखळीतील कोणतीही कमांड अयशस्वी झाली तर पूर्ण पाइपलाइन अयशस्वी धरणारा ‘पाइपफेल’ आणि त्रुटी येताच थांबवणारा ‘ई’ हे दोन्ही पर्याय चालू असावेत, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक कमांड छापणारा ‘एक्स’ पर्याय मात्र तपासापुरताच वापरावा, कारण त्यामुळे पासवर्ड लॉगमध्ये उघडे पडू शकतात.