खासदाराची ओळख लिहायची तर आधी तालुके मोजा

निवडणूक पुरवणीतल्या खासदारांच्या ‘ओळखी’ लिहायचं काम डेस्कवरच्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. २००९ला ते माझ्या गळ्यात पडलं. मी धुळे मतदारसंघाचा छान तक्ता केला, २००४ची मतं इकडे, २००९ची तिकडे, मध्ये कोणाची किती वाढली आणि किती घटली. पुरवणी निघाली त्या दिवशी सकाळीच एका निवृत्त तलाठ्यांचा फोन आला. “बाई, २००४ला धुळं अनुसूचित जमातींसाठी राखीव होतं. आता खुलं झालंय. हद्दही बदललीय. तुम्ही कोणाची तुलना कोणाशी करताय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून दर निवडणुकीला हे काम मीच मागून घेते, आणि नव्या मुलांना पहिली गोष्ट सांगते ती हीच: खासदाराचं नाव बाजूला ठेवा, आधी मतदारसंघ उघडा.

मतदारसंघ उघडायचा म्हणजे २००८चा परिसीमन आदेश, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा कागद, समोर घ्यायचा. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा, विधानसभेच्या २८८, म्हणजे प्रत्येक खासदाराच्या वाट्याला बरोबर सहा विधानसभा मतदारसंघ. हे सहा कोणते, कुठल्या जिल्ह्यातले, हे कागदावर लिहून काढा. नकाशावर बोट ठेवून लिहिलं तर आणखी उत्तम. धुळ्याचंच बघा. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा हे तीन धुळे जिल्ह्यातले. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन नाशिक जिल्ह्यातले. आणि धुळे जिल्ह्यातले साक्री व शिरपूर? ते नंदुरबार मतदारसंघात गेले. म्हणजे ‘धुळ्याचा खासदार’ हा अर्ध्या धुळे जिल्ह्याचा आणि नाशिकच्या एका तुकड्याचा खासदार. त्याला दोन जिल्हाधिकारी, दोन जिल्हा परिषदा, दोन पालकमंत्री. एवढं कळलं की त्याच्या अर्ध्या तक्रारी समजायला लागतात.

असे मिश्र मतदारसंघ पुष्कळ आहेत. मावळमध्ये पनवेल, कर्जत, उरण रायगडचे आणि मावळ, चिंचवड, पिंपरी पुण्याचे, मध्ये घाट. माढ्यात सोलापूरचे चार आणि साताऱ्याचे फलटण, माण. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये लातूरचा औसा आणि सोलापूरचा बार्शी. गडचिरोली-चिमूर तर तीन जिल्ह्यांत पसरलाय. अशा ठिकाणी ‘जिल्ह्याचं सिंचन इतकं, जिल्ह्याची साक्षरता इतकी’ असे आकडे उचलून मतदारसंघाला चिकटवू नका. जनगणनेचे आकडे जिल्हा, तालुका आणि गावाचे मिळतात, लोकसभा मतदारसंघाचे नाहीत. तालुके बेरजेला घ्यायचे. तालुका दोन विधानसभांत फाटलेला असेल तर परिसीमन आदेशात महसूल मंडळांची नावं दिलेली असतात, त्यावरून गावं जुळवायची. कंटाळवाणं काम आहे, एका मतदारसंघाला एक दुपार जाते. आणि आकडे २०११चे आहेत हे वाक्यातच लिहायचं, कारण पुढची जनगणना वेळेवर झालीच नाही.

जुन्या निकालांशी तुलना २००९पासूनच करा. त्याआधीचे कराड, इचलकरंजी, एरंडोल, पंढरपूर, खेड हे लोकसभा मतदारसंघ आता नाहीतच. शिरूर, हातकणंगले, रावेर, दिंडोरी, माढा हे त्या फेररचनेतून आलेले. नाव तेच राहिलं असलं तरी आतली माती बदललेली असू शकते, धुळ्यात मी ठेच खाल्ली ती तिथेच.

आता निकाल. बहुतेक जण विजयी उमेदवार, मतं, मताधिक्य एवढं घेऊन थांबतात. खरी गंमत निकालाच्या अधिकृत तक्त्यात, फॉर्म २०मध्ये असते. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं, आणि विधानसभानिहाय बेरीजही. २०२४ला धुळ्यात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत भाजपचे डॉ. सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यमध्ये बच्छाव यांना जवळजवळ १ लाख ९४ हजारांचं लीड मिळालं आणि निकाल फिरला. आमच्या डेस्कवर एका मुलानं लगेच लिहिलं, ‘मालेगावनं निवडून दिलेल्या खासदार’. मी ते खोडलं. पाच ठिकाणी त्या मागे होत्या म्हणजे तिथे त्यांना मतं पडली नाहीत असं नाही. त्यांची मालेगाव मध्यची मतं तेवढी ठेवा आणि बाकी पाच ठिकाणची त्यांची मतं काढून टाका, मग बघा कोण जिंकतं. लीड वेगळं, मतं वेगळी. ओळखीत दोन्ही लिहा आणि त्यावरून खासदार कोणाचा हे आपण ठरवू नका.

एक बारीक गोष्ट: टपाली मतं वेगळी मोजलेली असतात. सहा विधानसभांची बेरीज आणि एकूण मतं जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, आधी तिथे बघा. मताधिक्य लहान असेल तर टपाली मतांचा आकडा ओळखीत द्यायलाच हवा. २०२४ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. तिथे प्रत्येक रकान्याला वजन आहे.

एवढं झालं की मग माणसाकडे वळा.

उमेदवारी अर्जासोबतचं फॉर्म २६चं प्रतिज्ञापत्र हा सगळ्यात भक्कम कागद, कारण ते शपथेवर दिलेलं असतं. लोकसभेच्या संकेतस्थळावरचा परिचय हा सदस्यानं स्वतः भरून दिलेला असतो. व्यवसाय ‘शेतकरी, समाजसेवक’ लिहिलेला दिसला तर प्रतिज्ञापत्रातला उत्पन्नाचा स्रोत आधी वाचा. मालमत्तेत स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेली मुलं असे रकाने असतात. ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट’ ही बातमी टाइप करायला दोन मिनिटं लागतात, पण त्याआधी दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून तीन गोष्टी तपासा. जमीन तीच आहे आणि फक्त बाजारभाव वाढलाय का? वारसानं काही आलंय का? मुलगा आता कमावता झाला म्हणून त्याचा रकाना गळालाय का? शेवटच्या कारणानं एकदा संपत्ती घटलेली दिसली होती आणि आम्ही ती कौतुकानं छापणार होतो.

गुन्ह्यांचं तसंच. ‘एकूण अकरा गुन्हे’ असा आकडा देऊ नका, कलमं वाचा. रास्ता रोको करणाऱ्या माणसावर कलम १८८, १४३, ३४१ असे ढीगभर गुन्हे असतात. फसवणुकीचा किंवा मारहाणीचा एकच गुन्हा त्या ढिगापेक्षा जड असू शकतो. आरोप निश्चित झालेत की नाहीत हेही प्रतिज्ञापत्रात असतं, ते लिहा. २०२४च्या प्रतिज्ञापत्रांत कलमं जुन्या दंड संहितेतलीच आहेत, नवी न्याय संहिता त्या निवडणुकीनंतर, १ जुलै २०२४ला लागू झाली. तेव्हा नव्या क्रमांकांशी घोळ घालू नका.

संसदेतली कामगिरी हा भाग सगळ्यांना सोपा वाटतो, कारण आकडे तयार मिळतात: हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं. मला याच आकड्यांची सगळ्यात जास्त भीती वाटते.

हजेरी घ्या. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, म्हणून त्यांची टक्केवारी नसते. एका पुरवणीत एका राज्यमंत्र्यांपुढे ‘हजेरी: शून्य’ छापून आलं होतं. मीच पान पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा खुलासा आणि महिनाभर टोमणे. निलंबनाचाही हजेरीवर परिणाम होतो. डिसेंबर २०२३मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्यात महाराष्ट्रातले सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. त्या अधिवेशनाचा आकडा द्यायचा तर कारणासकट द्या.

प्रश्नांचं गणित असं. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात. कोणाचा लागेल हे सोडतीवर ठरतं. सारखे प्रश्न आले तर ते एकत्र जोडून त्यावर चार-पाच जणांची नावं येतात, आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक जमा होतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, तेव्हा तिथेही शून्य म्हणजे आळस नव्हे. म्हणून मी संख्या एका ओळीत संपवते आणि सगळे प्रश्न वाचायला बसते. त्यातले मतदारसंघातून आलेले किती? बागलाणचा कांदा, मालेगावचे यंत्रमाग, धुळ्याची रेल्वे यांचं नाव घेऊन विचारलेले आहेत, की देशभरातली आकडेवारी मागणारे, कोणीही विचारले असते असे? कांदा निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ला आली आणि ४ मे २०२४ला उठली. त्या काळात कांदा पट्ट्यातल्या खासदारानं सभागृहात काय केलं, हे त्याच्या पाच वर्षांच्या टक्केवारीपेक्षा वाचकाला जास्त सांगून जातं.

भाषणं मुळातून वाचा. नियम ३७७ खालचं निवेदन पुष्कळदा फक्त पटलावर ठेवलेलं असतं, माणूस बोललेला नसतो. शून्य प्रहरात दुसऱ्याच्या मुद्द्याला नाव जोडता येतं. मतदानाची नोंद मात्र शोधत बसू नका. बरंचसं आवाजी मतदानानं होतं आणि १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडणारा विरळाच.

खासदार निधीबद्दल थोडक्यात. वर्षाला ५ कोटी. पैसा खासदाराच्या हातात येत नाही, तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. करोनात निधी थांबला होता, २०२१-२२मध्ये २ कोटीच मिळाले, त्यामुळे सतराव्या लोकसभेच्या खासदाराचे २५ कोटी धरून टक्केवारी काढलीत तर ती चुकेल. हक्काचा आकडा १७ कोटींचा होतो. सुचवलेली, मंजूर झालेली आणि पूर्ण झालेली कामं असे तीन आकडे मागा आणि दोन जिल्ह्यांचा मतदारसंघ असेल तर कुठल्या बाजूला किती गेलं ते बघा. घाटाच्या पलीकडच्या लोकांना तेच हवं असतं.

मग श्रेय. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २ सप्टेंबर २०२४ला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. मागणी कित्येक दशकांची. मंजुरीच्या संध्याकाळी फलक कोणाचे लागले हे लिहायचं नसतं. तारखांची पट्टी करा: कोणी कधी प्रश्न विचारला, कधी काय उत्तर आलं, अर्थसंकल्पात कधी किती तरतूद झाली. ‘यांच्यामुळे झालं’ हे क्रियापद माझ्या डेस्कवर बंद आहे. ‘यांनी अमुक तारखेला मागणी केली’ हे चालतं.

मजकूर तयार झाला की वस्तुस्थितीच्या ओळी तेवढ्या खासदारांच्या कार्यालयाला पाठवा, तीन दिवसांची मुदत देऊन. मतं, विश्लेषण पाठवायचं नाही. मागच्या खेपेला एका पीएंचा रात्री साडेदहाला फोन आला. मी वही-पेन घेऊन बसले, वाटलं गुन्ह्यांच्या कलमांवरून वाद घालणार. ते म्हणाले, “ताई, बाकी सगळं बरोबर आहे. फोटो तेवढा नवा लावा, यात साहेबांच्या मागे उभा असलेला माणूस आता दुसऱ्या पक्षात आहे.”

फोटो बदलला. कलमं तशीच गेली.